दिसायला तेच, अर्थाला भलतंच: वाचकांचे प्रश्न

या वेळी बरेचसे प्रश्न एकाच विषयावर आलेत म्हणून अख्खं सदर त्यालाच देतेय. विषय म्हणजे दोन भाषांत सारखंच स्पेलिंग असलेले छोटे छोटे शब्द, ज्यांच्या अर्थाचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. एक आधीच सांगून ठेवते, आपण सगळं देवनागरीत छापतो त्यामुळे परक्या शब्दांचं स्पेलिंग जिथे लागेल तिथे अक्षरं सुटी करून देतेय, म्हणजे जी-आय-एफ-टी असं. वाचताना थोडं अडखळायला होईल, पण नुसता उच्चार लिहिला तर स्पेलिंग सारखं आहे हेच कळणार नाही, कारण उच्चार बहुतेक वेळा वेगळा असतो.

प्रश्न: ताई, मी नुकतंच जर्मन शिकायला लागलोय. "गिफ्ट" म्हणजे जर्मनमध्ये विष असं कळलं आणि धक्काच बसला. स्पेलिंग अगदी तेच. इंग्रजीत भेट आणि जर्मनमध्ये विष हे झालं कसं? की निव्वळ योगायोग?

उत्तर: योगायोग अजिबात नाही, दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत आणि ते मूळ म्हणजे "देणे". जुन्या जर्मनमध्येही या शब्दाचा अर्थ देणं, दिलेली वस्तू असाच होता. मग विष कुठून आलं? तर ग्रीकमध्ये "डोसिस" असा शब्द होता, त्याचाही अर्थ "देणं", आणि वैद्य लोक तो औषधाच्या मात्रेसाठी वापरायचे, म्हणजे रोग्याला एका वेळी जेवढं द्यायचं तेवढं. तोच लॅटिनमधून फिरत फिरत आपल्याकडे "डोस" म्हणून आलाय. जर्मन लोकांनी त्याच धर्तीवर आपला "देणं"वाला शब्द औषधाच्या मात्रेला लावला, आणि विषाचं थेट नाव घेण्यापेक्षा "दिलेलं" म्हणणं सौम्य वाटतं त्यामुळे हळूहळू तो शब्द विषालाच चिकटला आणि भेटीचा अर्थ मागे पडत पडत गेला. आपणही "त्याला काहीतरी दिलं होतं म्हणे" असं दबक्या आवाजात बोलतो तेव्हा "काहीतरी" म्हणजे काय हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की नाही, तसंच.

आणि गंमत इथेच थांबत नाही, स्वीडिशमध्ये जी-आय-एफ-टी म्हणजे विष तर आहेच, शिवाय त्याच स्पेलिंगचा दुसरा अर्थ "लग्न झालेला किंवा झालेली" असा आहे. हाही "देणे"मधूनच आलाय, लग्नात दिलेली. मराठीत "मुलगी कुठे दिली?" असं विचारतातच, त्यामुळे आपल्याला हा प्रवास समजायला अजिबात जड जाऊ नये. जर्मनमध्येसुद्धा जुना अर्थ एका कोपऱ्यात टिकून आहे, "मिटगिफ्ट" म्हणजे हुंडा, शब्दशः "बरोबर दिलेलं". आणि तो ग्रीक "डोसिस" ज्या धातूतून आला तो आपल्या "दा" धातूचा सख्खा नातेवाईक आहे, म्हणजे डोस आणि दान एकाच घरातले.

जर्मन शिकताय तर अजून एका शब्दाकडे नीट बघा, एन-ओ-टी. इंग्रजी डोळ्यांना तो "नाही" दिसतो, जर्मनमध्ये त्याचा अर्थ गरज, अडचण, संकट. आता इमारतींमध्ये "नोटआउसगांग" अशी पाटी असते, सुरुवातीची तीन अक्षरं एन-ओ-टी, घाईत बघणाऱ्याला वाटतं इथून बाहेर पडायला मनाई आहे, आणि प्रत्यक्षात तीच संकटकाळी बाहेर पडायची वाट असते. हा मात्र मुळातला संबंध नाही बरं का. जर्मन "नोट" हा इंग्रजी "नीड"चा भाऊबंद आहे आणि इंग्रजीतलं "नॉट" हे "काहीच नाही" अशा अर्थाचा एक लांब शब्द झिजून झालंय. एक सोय आहे, जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटल अक्षराने लिहितात, त्यामुळे वाक्याच्या मधे कॅपिटल जी किंवा कॅपिटल एन दिसला की इंग्रजी अर्थ डोक्यातून काढून टाकायचा. पण डी-आय-ई (जर्मन "दी", नुसतं उपपद), डब्ल्यू-ए-आर (होता), एफ-ए-एस-टी (जवळजवळ), बी-ए-एल-डी (लवकरच) यांना ही खूण नसते, ते सवयीनेच बसतात.

प्रश्न: मी भाषेचा निवृत्त शिक्षक आहे. "शिक्षा" या सुंदर संस्कृत शब्दाचा अर्थ मराठीने "दंड" असा करून ठेवला याचं मला कायम वाईट वाटतं. हिंदीने मूळ अर्थ जपला, आपण बिघडवला. असे किती शब्द आपण खराब केलेत?

उत्तर: सर, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण "बिघडवला" या शब्दाशी मी मनापासून असहमत आहे आणि जरा सविस्तर सांगते.

"शिक्षा" हा शब्द "शक्" म्हणजे समर्थ असणे या धातूच्या इच्छार्थक रूपावरून आलाय, समर्थ व्हायची इच्छा, त्यातून शिकणं. पण वेदांगांमध्ये जी "शिक्षा" आहे ती म्हणजे उच्चारशास्त्र, स्वर कसे लावायचे, मात्रा किती, वर्ण कुठून निघतो. तैत्तिरीय उपनिषदाची पहिली वल्ली शीक्षावल्लीच आहे, तिथेही सुरुवातीला वर्ण, स्वर, मात्रा हेच येतं. मग "मूळ अर्थ" म्हणून नेमका कुठला धरायचा? हिंदीत आज "शिक्षा मंत्रालय" म्हणतात तेव्हा त्यात शाळा, कॉलेज, परीक्षा, अनुदान सगळं येतं, तोही अर्थ पसरत पसरतच झालाय. मराठीत तो दुसऱ्या बाजूला गेला. "चांगला धडा शिकवला त्याला" असं आपण म्हणतो तेव्हा धडा म्हणजे पाठ्यपुस्तकातला नसतो, शिकवण्यातून ताकीद आणि ताकिदीतून दंड ही वाट अगदी सरळ आहे. आणि शिकण्यासाठी आपण "शिक्षण" ठेवलंच की, म्हणजे गमावलं काहीच नाही, एकाचे दोन झाले.

आता "अभिमान" घ्या. मराठीत "मला तुझा अभिमान वाटतो" हे कौतुकाचं वाक्य आहे. हिंदीत "अभिमान" बऱ्याचदा घमेंडीकडे झुकतो, आणि बंगालीत अभिमान म्हणजे आपल्याच माणसाने दुखावलं म्हणून मनात धरलेला रुसवा, ज्यात राग कमी आणि जीव लावल्याची तक्रार जास्त असते. या बंगाली अर्थाला मराठीत एकच शब्द मला आजपर्यंत सापडलेला नाही. यातला खरा कुठला? तिन्ही खरे. स्वतःबद्दलची जाणीव हे मधलं बीज, कुठे ती ताठ झाली, कुठे दुखावली गेली.

"प्रपंच" तर त्याहून भारी आहे. मराठीत प्रपंच म्हणजे घरसंसार, हिंदीत प्रपंच म्हणजे बऱ्याचदा भानगड, लबाडीचा पसारा, आणि तेलुगू-कन्नडमध्ये प्रपंच म्हणजे सगळं जग. संस्कृतात विस्तार, पसारा. आणि "संसार"चंही तसंच, हिंदीत तो जग आणि मराठीत घर. मला स्वतःला हे फार आवडतं की मराठी माणसाने जगासाठीचे दोन मोठे शब्द उचलून घराच्या आत आणून ठेवले.

उपन्यास म्हणजे हिंदी-बंगालीत कादंबरी आणि कन्नड-तेलुगूत व्याख्यान. चिंता म्हणजे बंगालीत नुसता विचार, आपल्याकडे काळजी. ग्लानी म्हणजे आपल्याकडे गुंगी, हिंदीत अपराधीपणाची बोच. या सगळ्यांना "खराब केलेले" म्हणायचं झालं तर एकही भाषा निर्दोष सुटणार नाही, म्हणून माझी विनंती आहे सर, विद्यार्थ्यांना सांगताना "आपण चुकीचं वापरतो" असं सांगू नका, "इकडे असं झालं, तिकडे तसं झालं" असं सांगा.

प्रश्न: मी हिंदीतून मराठीत माहितीपत्रकं, सूचना वगैरेचं भाषांतर करते. मोठे शब्द अडले की डिक्शनरी बघते, पण तपासणाऱ्या मॅडम ज्या चुका काढतात त्या कायम एक-दोन अक्षरी शब्दांच्या असतात. असं का होतं?

उत्तर: कारण मोठ्या शब्दापाशी आपण थांबतो आणि छोट्यापाशी थांबतच नाही. नजर त्यांच्यावरून घसरून जाते, कारण ते आपल्याला "येतात". आणि हिंदी-मराठीत तर लिपीही एकच, त्यामुळे सावध करणारी काही खूणच नाही.

सगळ्यात धोकादायक जोडी माझ्या मते "ही"ची आहे. हिंदीत "ही" म्हणजे फक्त, तेवढंच, मराठीत जे काम "च" करतो ते. मराठीत "ही" जोडला की अर्थ होतो "सुद्धा", म्हणजे हिंदीतलं "भी". अर्थ नुसता वेगळा नाही, जवळजवळ उलटा आहे, एक दार बंद करतो दुसरा उघडतो. आता हे वाक्य बघा, "यह दवा रात को ही लें". नीट भाषांतर "हे औषध रात्रीच घ्या". पण हात वेगात असला आणि "ही" तसाच उतरला तर होतं "हे औषध रात्रीही घ्या", म्हणजे दिवसा तर घ्याच, वर रात्रीसुद्धा! एका अक्षराने डोस वाढला. वाक्य व्याकरणात पक्कं आहे, स्पेलचेक काही बोलणार नाही, वाचणाऱ्यालाही खटकणार नाही. म्हणूनच ही चूक पकडायला मूळ वाक्य शेजारी ठेवूनच वाचावं लागतं, नुसतं मराठी वाचून ती दिसतच नाही.

दुसरा गट सर्वनामं आणि जोडशब्दांचा. मराठी "तो" म्हणजे हिंदी "वह", हिंदी "तो" म्हणजे मराठी "तर", आणि हिंदी "तर" म्हणजे ओला, चिंब. साखळीच आहे. हिंदी "का" म्हणजे चा, मराठी "का" म्हणजे प्रश्न. हिंदी "पर" म्हणजे वर किंवा पण, मराठीत "पर" लागला की परका, परगाव, परदेश. "खाली" म्हणजे हिंदीत रिकामं आणि मराठीत खालच्या बाजूला, त्यामुळे "नीचे की सीट खाली है" हे वाक्य घाईत भाषांतर करायला दिलं की हमखास कोणीतरी दोनदा खाली जातं. "कल" म्हणजे हिंदीत काल पण आणि उद्या पण, मराठीत झुकाव.

आणि "मत" तर खुद्द हिंदीतच दुतोंडी आहे. "मत दो" म्हणजे मतदान करा, आणि "मत दो" म्हणजेच देऊ नका. लिहिलेलं अगदी सारखं, आजूबाजूच्या मजकुराशिवाय ठरवता येतच नाही. मराठीत नकारासाठी "नको" आणि "नका" असल्यामुळे आपल्याकडे हा गोंधळ होत नाही.

मोठ्या शब्दांपैकी सरकारी मजकुरात तीन मुद्दाम लक्षात ठेवा, कारण ते इतके ओळखीचे वाटतात की डिक्शनरी उघडावीशीच वाटत नाही. "संशोधन" हिंदीत दुरुस्ती, आपल्याकडे रिसर्च, म्हणून "संविधान संशोधन" म्हणजे घटनादुरुस्ती. "आपत्ति" हिंदीत हरकत, आपल्याकडे संकट. "अवकाश" हिंदीत सुट्टी, आपल्याकडे अंतराळ किंवा मग "अजून अवकाश आहे" मधला वेळ.

माझा सल्ला असा की भाषांतर पूर्ण झाल्यावर एक वेगळी फेरी फक्त ही, च, का, तो, तर, पर, को, ना एवढ्यांसाठी मारा. फाइंडमध्ये एकेक टाकून. कंटाळवाणं काम आहे पण मॅडमचा लाल पेन नक्की थांबेल.

प्रश्न: बातम्यांत "इन कॅमेरा सुनावणी होणार" असं येतं. म्हणजे कोर्टात शूटिंग करतात का?

उत्तर: नाही, बरोब्बर उलट. इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड, जिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही. लॅटिनमध्ये "कॅमेरा" म्हणजे छत असलेली खोली. फोटोवाला कॅमेरा आला तो "कॅमेरा ऑब्स्क्युरा"मधून, म्हणजे अंधारी खोली, जिच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की समोरच्या भिंतीवर बाहेरचं चित्र उलटं पडतं. पुढे खोली लहान होत होत डबा झाली, नाव तेच राहिलं. इटालियनमध्ये आजही कॅमेरा म्हणजे खोलीच. आणि हिंदीतला "कमरा" हाही त्याच लॅटिन शब्दाचा वंशज, पोर्तुगीजांमार्फत आलेला.

प्रश्न: मला असे शब्द जमवायचा छंद आहे. स्पॅनिश, तुर्की, फिनिश, इंडोनेशियन, कुठेही बघा, इंग्रजीसारखे दिसणारे छोटे शब्द सापडतातच. इतके योगायोग कसे काय? आणि योगायोग कुठला आणि खरं नातं कुठलं हे ओळखायचं कसं?

उत्तर: आधी थोडं गणित. रोमन लिपीत 26 अक्षरं, त्यामुळे दोन अक्षरी शब्द जास्तीत जास्त 676 होऊ शकतात आणि तीन अक्षरी 17,576. त्यातले कितीतरी तोंडाने म्हणताच येत नाहीत, ते काढले की फारच थोडे उरतात. आणि जगात भाषा साधारण 7,000, त्यातल्या खूपशा याच लिपीत लिहिल्या जातात आणि प्रत्येकीला "मी, तू, आहे, आणि, वर" असल्या रोजच्या वापरासाठी छोटेच शब्द लागतात. एवढ्याशा जागेत एवढी गर्दी म्हटल्यावर धक्के लागणारच. म्हणून तुर्कीत ओ-एन म्हणजे दहा, फिनिशमध्ये ओ-एन म्हणजे "आहे", पोलिशमध्ये ओ-एन म्हणजे "तो". तुर्कीत ए-टी म्हणजे घोडा. फिनिशमध्ये एच-ई म्हणजे ते (अनेक जण) आणि एम-ई म्हणजे आम्ही. इंडोनेशियनमध्ये ए-आय-आर म्हणजे पाणी. डचमध्ये डब्ल्यू-ई-टी म्हणजे कायदा. स्वीडिशमध्ये बी-ए-आर-एन म्हणजे मूल.

छोट्या शब्दांची टक्कर व्हायचं दुसरं कारण झीज. शब्द वापरून वापरून आखूड होतात आणि आखूड झाले की दुसऱ्यासारखे दिसायला लागतात. मराठीतलं "काम" बघा, कामधंद्यातलं काम हे संस्कृत "कर्म"पासून, मधे प्राकृतात "कम्म" होऊन आलेलं, आणि धर्म-अर्थ-काम-मोक्ष मधलं काम हे थेट संस्कृत, इच्छा या अर्थाचं. दोघांचा काही संबंध नाही, झिजल्यामुळे एक झाले. "बस" तर तिहेरी आहे. खाली बस मधला आपला, "बस झालं" मधला फारसी, आणि रस्त्यावरची बस ही लॅटिन "ऑम्निबस" म्हणजे "सर्वांसाठी" याचं नुसतं शेपूट. "बस, आता बसमध्ये बस" हे वाक्य कुठल्याही परदेशी विद्यार्थ्याला रडवेल.

ओळखायचं कसं, तर आजच्या स्पेलिंगवर कधीच विश्वास ठेवायचा नाही, दोन्ही शब्दांची जुनी रूपं काढायची. इटालियनमध्ये बी-यू-आर-आर-ओ म्हणजे लोणी आणि स्पॅनिशमध्ये तेच स्पेलिंग म्हणजे गाढव. दोन्ही भाषा लॅटिनच्या मुली, म्हणजे वाटतं नातं असणार. पण जुनी रूपं बघितली तर इटालियन शब्द लॅटिन "बुटिरुम"कडे जातो, ज्यातून इंग्रजी बटरही आलं, आणि स्पॅनिश शब्द छोट्या घोड्यासाठीच्या वेगळ्याच लॅटिन शब्दाकडे. म्हणजे बहिणी सख्ख्या पण हे दोन शब्द परके.

आणि याच्या उलट, जो माझा सगळ्यात आवडता आहे, ओ-एन-सी-ई. इंग्रजीत "वन्स", एकदा. स्पॅनिशमध्ये "ओन्से", अकरा. सगळे याला योगायोगाच्या यादीत टाकतात आणि स्पेलिंग जुळलं तो योगायोगच आहे. पण आत डोकावा, इंग्रजी शब्द "वन"पासून म्हणजे एकपासून बनलाय, आणि स्पॅनिश अकरा हा लॅटिन "उन्देकिम"पासून, उन म्हणजे एक आणि देकेम म्हणजे दहा. लॅटिनचा "उनुस" आणि इंग्रजीचा "वन" हे दोघे मुळात एकच. म्हणजे दोन्हीत तोच "एक" लपलेला आहे, आणि आपला "अकरा" पण "एकादश"पासूनच, त्यात पण एक आणि दहा. तुमच्या वहीत हा शब्द दोन्ही रकान्यांत लिहावा लागेल.

प्रश्न: जपानी शिकणाऱ्यांना चिनी आपोआप वाचता येतं असं म्हणतात, चिन्हं तीच म्हणून. खरं का?

उत्तर: थोडंफार, आणि तेवढ्यातच फसायला होतं. "हात" आणि "कागद" ही दोन चिन्हं शेजारी लिहिली की जपानीत "तेगामी" म्हणजे पत्र, आणि चिनीत टॉयलेट पेपर. एका चिन्हाचा अर्थ जपानीत मुलगी (लेक) आणि चिनीत आई. "वाफ" आणि "गाडी" मिळून जपानीत वाफेवरची रेल्वे, चिनीत मोटार.

पण यातलेही सगळे फरक नवीन नाहीत. एक चिन्ह आहे जे चिनीत आज चालणं दाखवतं आणि जपानीत पळणं. जुन्या चिनीत त्याचा अर्थ पळणंच होता, जपान्यांनी ते उचललं तेव्हाचा अर्थ धरून ठेवला आणि खुद्द चीनमध्ये तो बदलला, पळण्यासाठी वेगळं चिन्ह आलं. गरम पाण्याचंही तसंच, जपानीत ते चिन्ह अजून गरम पाणीच आहे, चिनीत त्याचं सूप झालं. म्हणजे जुना अर्थ बघायचा तर कधीकधी ज्यांनी शब्द उसना घेतला त्यांच्याकडे जावं लागतं.

प्रश्न: ट्रान्सलेशनच्या ऍपमध्ये एकच शब्द टाकला की ते भलतीच भाषा पकडतं. मराठी टाकलं तर हिंदी म्हणतं. ऍप खराब आहे का?

उत्तर: ऍप खराब नाही, तुम्ही त्याला पुरावाच फार थोडा देताय. भाषा ओळखणारे प्रोग्रॅम साधारणपणे कुठली अक्षरं कुठल्या अक्षरांनंतर किती वेळा येतात यावरून अंदाज बांधतात. "नाव" एवढंच टाकलं तर हिंदीत ती होडी आणि मराठीत नाव पण आणि होडी पण, कशावरून ठरवायचं? "माझं नाव" टाका, लगेच ओळखेल. मराठीसाठी "आहे", "आणि", "ळ" या खुणा भक्कम आहेत, "ळ" तर हिंदीत सहसा येतच नाही. नेपाळी पण देवनागरीतच लिहितात हे आपण विसरतो, तिथे "को हो?" म्हणजे "कोण आहे?", आणि हिंदी डोळ्यांना तेच "ला" आणि "(तुम्ही) आहात" असं दिसतं. एकच शब्द हवा असेल तर भाषा ऑटोवर ठेवू नका, हाताने निवडा.

कॉम्प्युटरची अशीच फसगत देशांच्या दोन अक्षरी कोडमध्येही होते. नॉर्वेचा कोड एन-ओ आहे. सेटिंग्ज लिहायच्या यामल नावाच्या एका फॉरमॅटच्या जुन्या आवृत्तीत अवतरणचिन्हांशिवाय एन-ओ लिहिलं की तो त्याचा अर्थ "नाही" असा घेतो, त्यामुळे देशांच्या यादीतून नॉर्वेच्या जागी "खोटं" असं मूल्य यायचं. प्रोग्रॅमर लोकांत याला नॉर्वे प्रॉब्लेमच म्हणतात.

प्रश्न: रशियन अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत, हा पण तोच प्रकार का?

उत्तर: चुलत प्रकार म्हणू. इथे अक्षरच वेगळं असतं, चेहरा फक्त सारखा. रशियन "रोत" म्हणजे तोंड, कॅपिटलमध्ये लिहिलं की इंग्रजी डोळ्यांना पी-ओ-टी दिसतं, कारण त्यांचा "र" आपल्याला पी वाटतो. याचा गैरवापरही होतो. 2017 मध्ये एका अभ्यासकाने दाखवून दिलं होतं की एका प्रसिद्ध कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता सगळाच्या सगळा सिरिलिक (म्हणजे रशियन लिपीच्या) अक्षरांत लिहून नोंदवता येतो आणि काही ब्राउझरमध्ये तो हुबेहूब खरा दिसतो. ब्राउझरवाल्यांनी नंतर त्यावर उपाय केला, तरीही बँकेचं पान मेसेजमधल्या लिंकवरून उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

प्रश्न: एकाच वेळी दोन जवळच्या भाषा शिकतेय (पोलिश आणि चेक) आणि सारखं कन्फ्यूजन होतंय. पोलिशमध्ये "चेर्स्तवी" म्हणजे शिळा पाव आणि चेकमध्ये जवळजवळ तोच शब्द म्हणजे ताजा! अशा शब्दांची दोन रकान्यांची लिस्ट करून पाठ करू का?

उत्तर: लिस्ट करू नका, निदान दोन रकान्यांची तर नकोच. दोन अर्थ शेजारी शेजारी लिहून पाठ केले की परीक्षेत दोन्ही एकदमच आठवतात आणि कुठला कुणाचा तेच आठवत नाही. तुमचा गोंधळ हा अभ्यास कमी पडल्यामुळे होत नाहीये. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन्ही भाषा एकदम जाग्या असतात. 1998 मध्ये डच आणि इंग्रजी येणाऱ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. समोर अक्षरं दाखवायची आणि हा इंग्रजी शब्द आहे की नाही एवढंच बटण दाबून सांगायचं, आणि त्यात दोन्ही भाषांत वेगळा अर्थ असलेले एकाच स्पेलिंगचे शब्द टाकलेले. यादीत नुसते इंग्रजी शब्द होते तोवर लोक अशा शब्दांना अडखळले नाहीत, पण मधे मधे डच शब्द मिसळले की त्याच शब्दांना उत्तर द्यायला जास्त वेळ लागायला लागला.

यातून तुमच्यासाठी सरळ उपाय निघतो, एका बैठकीत एकच भाषा. चेकच्या दिवशी चेकच वाचा, ऐका, बोला, पोलिश वही उघडूच नका. आणि शब्द सुटा न लिहिता त्याच्या शेजाऱ्यासकट लिहा, चेकमध्ये "ताजी हवा" असा जोड चेकच्या वहीत, पोलिशमध्ये "शिळा पाव" असा जोड पोलिशच्या वहीत. फिनिश आणि एस्टोनियन एकत्र शिकणाऱ्यांनाही हेच करावं लागतं, कारण "हल्लितुस" म्हणजे फिनिशमध्ये सरकार आणि एस्टोनियनमध्ये बुरशी. मलेशियात "पर्चुमा" लिहिलं असेल तर वस्तू फुकट आहे, इंडोनेशियात तोच शब्द म्हणजे व्यर्थ, काही उपयोग नाही असा. "प्रवेश" किंवा "पार्किंग" या शब्दाबरोबर तो एकदा वहीत बसला की पुढच्या वेळी नुसता दिसला तरी त्याच्याबरोबरचा शब्द आधी आठवतो, आणि अर्थ त्याच्या मागोमाग येतो. सुरुवातीला रोज दोन-तीनच जोड लिहा, जास्त नकोत, आणि आठवड्याने दोन्ही वह्या वेगवेगळ्या दिवशी चाळा.